प्रवरेचं खोरं कोणी बदललं: कारखान्यानं की कालव्यानं?

पाटकरी (धागाकर्ता)

प्रवरा नदीचं नाव काढलं की नगर जिल्ह्याबाहेरच्या माणसाला एकच गोष्ट सांगितली जाते. मुलूख दुष्काळी होता, शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला होता. मग विठ्ठलराव विखे पाटील उभे राहिले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी आले, १९५० साली लोणीला सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटला आणि खोऱ्याचं नशीब उघडलं. भाषणांत हीच, पुतळ्याखालच्या पाटीवर हीच.

मला ही गोष्ट खोटी वाटत नाही, उशिरा सुरू केलेली वाटते. १९५० उजाडेपर्यंत या खोऱ्यात काय पिकणार, पाणी कुठल्या शिवारात जाणार आणि कुठलं शिवार कोरडं राहणार, हे ठरून गेलेलं होतं. कारखान्यानं ठरलेल्या गोष्टीचा मालक बदलला. ते काम मोठंच होतं, पण खोरं बदलणं वेगळं.

भंडारदऱ्याचं धरण १९१० च्या सुमाराला सुरू झालं आणि १९२६ साली गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या हस्ते पाणी सुटलं. साठा ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट. पाणी नदीतून खाली येतं आणि संगमनेरच्या पुढं ओझरच्या बंधाऱ्यावर डाव्या-उजव्या कालव्यात शिरतं. हे सगळं बांधलं कशासाठी? १८७६-७७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी सरकार हादरलं होतं. ज्वारी-बाजरीला पाण्याच्या दोन पाळ्या देऊन माणूस आणि जनावर जगवायचं, हा हेतू कागदावर होता.

पण चार सरी बऱ्या पडल्या की ज्वारीवाला पाटाकडं फिरकत नाही. पाणीपट्टी कशाला भरायची? आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी सगळे एकदम अर्ज घेऊन उभे. दख्खनचे कालवे असे तोट्यात चालले. सरकारला बारमाही गिऱ्हाईक हवं होतं आणि बारमाही पाणी पिणारं, वर पैसेही देणारं पीक एकच, ऊस. विश्वेश्वरय्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली ती याच पेचातून: ठराविक वर्षांचा पाण्याचा करार, आणि ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्श्यात ऊस. पुढं हीच रीत इतर कालव्यांवर गेली.

तरीही पाणी उरतच होतं, म्हणून खासगी साखर कंपन्या आल्या. हरेगावची बेलापूर कंपनी विसाच्या दशकातली. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि रांग लागली. १९३३ ला डहाणूकरांचा टिळकनगरचा कारखाना. शेजारच्या गोदावरी कालव्यांवर साकरवाडी, लक्ष्मीवाडी, चांगदेवनगर. हजारो एकरांचे मळे, त्यात फक्त ऊस.

लोणीचा कारखाना या मांडलेल्या पटावर आला. पट त्यानं बदलला नाही. उलट राहुरी, कोपरगाव, पुढं संगमनेर असे कारखाने होत गेले तसा तो पसरला. शेतकरी मालक झाला, तरी ऊस सोडून दुसरं काही लावायचं स्वातंत्र्य त्याला मिळालं का? कारखान्याच्या गव्हाणीला रोज ऊस लागतो. मालक कोणीही असो.

विखे पाटलांचा अपमान वगैरे वाचायला मिळणारच आहे, तेव्हा कृपया ते एकाच प्रतिसादात उरकावं.

बागायतदार

उरकतो. अपमान नाही म्हणत, पण खुर्चीवर बसून लिहिलंय एवढं नक्की.

‘ठरलेल्या गोष्टीचा मालक बदलला’ असं तुम्ही एका ओळीत लिहून गेलात. त्या ओळीत काय होतं ते बघा. कंपनी शेतकऱ्याचा ऊस घेत नव्हती, घेतला तर मर्जीनं. कंपनीचा ऊस कंपनीच्या मळ्यात. मग ज्यानं ब्लॉकचा करार करून ऊस लावला त्यानं काय करायचं? गुऱ्हाळ. चरक, काहील, चुलवण, गुळव्या, आणि झालेली ढेप बैलगाडीत घालून अडत्याच्या दारात. भाव अडत्या सांगणार. लागवडीला उचल त्याच्याकडूनच घेतलेली असायची, त्यामुळे ढेप परत न्यायची सोय नाही. १९३० नंतरच्या मंदीत गुळाचा भाव कोसळला तेव्हा चांगले चांगले बागायतदार जमिनी गमावून बसले. ऊस खोऱ्यात कालव्यानं आणला हे मान्य. त्याच ऊसानं शेतकरी बुडत होता हेही लिहा की.

१९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आताच्या श्रीरामपूरला, कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद झाली. अध्यक्ष गाडगीळ. गूळ करून मरण्यापेक्षा कारखाना आपणच का काढू नये, हा विचार तिथं पुढं आला. मग विखे पाटील गावोगाव हिंडले. शिकलेले फार नव्हते, इंग्रजी येत नव्हतं, आणि मुंबईच्या सचिवालयात ‘तुम्ही शेतकरी कारखाना चालवणार?’ हा प्रश्न प्रत्येक टेबलावर. ३१ डिसेंबर १९४८ ला नोंदणी. दोन वर्षांत पहिला गळीत हंगाम. दिवसाला जेमतेम पाचशे टनांच्या घरातली गाळप क्षमता, आजच्या मानानं खेळणंच. पण त्या वर्षी या खोऱ्यातल्या माणसाच्या ऊसाचा भाव पहिल्यांदा अशा बैठकीत ठरला जिथं त्याला हात वर करता येत होता.

तुम्ही ‘पट’ म्हणता. पटावर मोहरा होण्यात आणि खेळणारा होण्यात फरक असतो साहेब.

हिशेबाची वही

दोघांच्याही लेखनात काही जागा रिकाम्या आहेत, त्या भरतो.

‘आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना’ हे बिरूद अजून कोणी लिहिलं नाही, पण येणार म्हणून आधीच सांगतो: आंध्रात एटिकोप्पाका इथं १९३३ साली सहकारी साखर कारखाना निघाला होता. तो लहान होता, त्याचं पुढं राज्यभर पीक आलं नाही. लोणीचं वेगळेपण ‘पहिला’ असण्यात नाही. त्याची नक्कल करता आली, यात आहे.

शेतकऱ्यांनी स्वतः काढलेला कारखाना म्हणाल तर महाराष्ट्रातही लोणीच्या आधी एक आहे. सासवडचे माळी. ही मंडळी नीरा, मग गोदावरी, मग प्रवरा अशी कालव्यामागोमाग सरकत गेली. खंडानं जमीन धरायची, ऊस लावायचा, गूळ करायचा. ऊसाची हातोटी या खोऱ्याला पुष्कळशी त्यांच्याकडून मिळाली. त्यांनीच तिशीच्या दशकात अकलूजजवळ माळीनगरला आपला कारखाना उभारला, पण जॉइंट स्टॉक कंपनी म्हणून. ती वाट फक्त ज्यांच्याकडं भांडवल साठलं होतं त्यांना परवडणारी होती. पाच-सात एकरवाल्याला आत घ्यायचं तर सहकारच लागत होता.

गाडगिळांबद्दलही एक. त्यांना ‘पुण्याचे अर्थतज्ज्ञ, पाठिंबा दिला’ एवढ्यावर उरकतात. या गृहस्थानं गोखले संस्थेतर्फे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली, ती १९४८ साली छापून आली. म्हणजे ज्या वर्षी कारखान्याची नोंदणी झाली त्याच वर्षी. कालव्यानं नक्की काय दिलं आणि ते कोणाच्या हाती गेलं, हे त्यांनी मोजलेलं होतं. मग तो माणूस सुरुवातीची दहाएक वर्षं त्या कारखान्याचा अध्यक्ष राहिला. अभ्यास करून अहवाल देऊन निघून जाणारे पुष्कळ, हा त्याच खोऱ्यात अध्यक्ष होऊन बसला. पाटकरी यांचं म्हणणं गाडगिळांनी ऐकलं असतं तर अर्धं मान्य केलं असतं असं मला वाटतं.

आणि बागायतदारसाहेब, हात वर केले हे खरं, पण पैसा? सभासदांचे भाग होतेच. शिवाय मुंबई सरकारचं भागभांडवल होतं, सरकारची हमी होती, इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशनचं कर्ज होतं. वैकुंठभाई मेहता मंत्रिमंडळात नसते तर ही फाइल किती वर्षं फिरली असती कोण जाणे. पुढं परवाने देताना सहकारी कारखान्यांना झुकतं माप मिळालं. सहकार म्हणजे सरकार दूर ठेवून उभी राहिलेली गोष्ट, हे चित्र बरोबर नाही.

मुंबईकर_७८

भाबडा प्रश्न. ऊस नको तर मग १९५० ला तिथं काय लावायला हवं होतं? आणि ज्याला कर्ज फेडायचंय त्यानं ज्वारी का लावावी?

रंधा

तुमचं दोघांचंही भांडण ओझरच्या खालचं आहे. मी ओझरच्या वरचा. अकोले तालुका.

ज्या धरणापासून धागाकर्त्यांनी गोष्ट सुरू केली त्या धरणाच्या बुडाखाली महादेव कोळी आणि ठाकरांची भातखाचरं आहेत. ‘दुष्काळी मुलूख’ म्हणता तो तुमचा. आमच्याकडं घाटघर-रतनवाडीला पाऊस तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो, श्रीरामपूर-राहात्याकडं पाचशेच्या आसपास. पाणी आमच्या डोंगरावर पडणार, आमच्या जमिनीत साठणार आणि नदीतून आमच्यासमोरून खाली वाहत जाणार. फेब्रुवारीनंतर आमच्या वाड्यांवरच्या बाया हंडा घेऊन झऱ्यावर, आणि समोर नदी दुथडी, कारण खाली ऊसाचं आवर्तन सुटलंय. नदीला मोटर लावली तर ती चोरी, कारण ते पाणी खालच्या कालव्याचं.

त्या काळी पुनर्वसन नावाचा कायदाच नव्हता. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानं रोख रक्कम हातावर, आणि जा. कुठं जा, ते विचारायचं नाही.

अकोले-संगमनेरला भंडारदऱ्याच्या पाण्यात ३० टक्के हिस्सा मिळायला ऐंशीच्या दशकाची अखेर उजाडली. भंडारदऱ्याखालच्या निळवंडे धरणाच्या कालव्यांना पाणी यायला २०२३. म्हणजे धरण झाल्यापासून सत्त्याण्णव वर्षं. तेव्हा १९५० साली खोरं बदललं की १९२६ साली, या वादात आम्हाला कुठल्या बाजूला बसवणार ते सांगा. आमच्यासाठी १९२६ हीच तारीख आहे आणि ती भरभराटीची नाही.

पाटकरी

रंधा, तुमची बाजू माझ्याच बाजूची आहे असं म्हणायचा मोह होतोय. पाणी कोणाला हे १९२६ ला ठरलं, हेच तर मी म्हणतो.

रंधा

मोह आवरा. तुमच्या यादीत सरकार आहे, कंपनी आहे, कारखाना आहे. पहिल्या प्रतिसादात आमचा उल्लेख ‘भंडारदऱ्याचं धरण’ एवढाच होता.

जुनी_चाळ

मी एका साखर मळ्यावरच्या चाळीत वाढले. कुठल्या ते महत्त्वाचं नाही, सगळ्या सारख्याच होत्या. पत्र्याच्या खोल्या, भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं.

इथं सगळे ‘शेतकरी’ आणि ‘कंपनी’ म्हणतायत. मळ्यात प्रत्यक्ष सरीत पाय घालणारा कोण होता? ज्याच्याकडं ना सात-बारा ना ब्लॉक. गावात महारवाड्यात-मांगवाड्यात वतनाची कामं करून भाकरी मागून खाणारा माणूस मळ्यावर आला तेव्हा त्याला आठवड्याचा पगार दिसला. थोडा होता, मुकादम त्यातून कापायचा, तरी रोख होता आणि पाटलाच्या ओसरीशी बांधलेला नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९३९ च्या डिसेंबरात वतनदार महारांची परिषद हरेगावला घेतली. हरेगावच का, याचा विचार करून बघा. साखर कारखाना आणि मळ्यांमुळं तिथं हजारोंनी मजूर एका जागी होता, गावकीच्या नजरेबाहेर होता. त्याच भागात चर्च वाढलं, शाळा आल्या. खोऱ्याचा हाही बदल आहे, आणि तो ना विखे पाटलांनी केला ना विश्वेश्वरय्यांनी. कंपनीनं तो मुद्दाम केला नाही, पण तिच्या आवारात झाला.

सहकारी कारखाना आल्यावर काय झालं? सभासद कोण, तर ऊस लावणारा. ऊस कोण लावणार, तर जमीन आणि पाणी असणारा. ऊस तोडणारा सभासद नाही. साठ-सत्तरच्या दशकापर्यंत तोड तर पाथर्डी-बीडकडच्या टोळ्यांवर गेली. कोयता, उचल, मुकादम, पाचटाच्या कोप्या. बागायतदारदादा, तुम्ही अडत्याच्या उचलीत अडकलेल्या शेतकऱ्याचं इतकं छान लिहिलंत. तीच उचल आता मुकादमाच्या हातून तोडणाऱ्याच्या गळ्यात गेली. सर्वसाधारण सभेत हात वर करायचा त्याला अधिकार नव्हता, नाही, आणि कोणी देतो म्हणालेलंही ऐकलं नाही.

बागायतदार

ताई, तोडणीवाल्याबद्दल वाद घालणार नाही. तुम्ही लिहिलंय ते दिसतंच.

पण ‘कंपनीच्या आवारात बदल झाला’ हे ऐकताना एक लक्षात घ्या. कंपनीचा नफा मुंबईला जायचा. सहकारी कारखान्याचा पैसा खोऱ्यातच राहिला. साठच्या दशकात लोणीत शिक्षणसंस्था, पुढं दवाखाना, मग कॉलेजं. आज त्यात राजकारण आहे, घराणी आहेत, सगळं कबूल. तरी १९६१ साली नेहरू प्रवरानगरला आले ते धुराडं बघायला आले नव्हते. खेड्यातल्या माणसानं कारखाना चालवून दाखवला, हे बघायला आले होते.

आणि मुंबईकरांच्या प्रश्नाला कोणीच हात लावला नाही. ज्वारीवर पोट भरतं, कर्ज फिटत नाही. भाजी लावावी तर १९५० ला कांदा-टोमॅटो मुंबईला न्यायला ट्रक किती आणि रस्ता कुठला? दौंड-मनमाड लोहमार्ग होता, पण नाशवंत माल वॅगनमध्ये सडायचा. कापसाला बाजार होता, भावाची हमी नव्हती. तेव्हा काढलेला माल साठवून ठेवता येईल अशी एकच चीज, साखर. पोत्यात भरली की वर्षभर टिकते, बँक तिच्यावर तारण कर्ज देते. उगाच का सगळे ऊसामागं लागले?

पाटकरी

हे मात्र पटण्यासारखं आहे. टिकणारा माल आणि तारण कर्ज. पण बघा, तुम्ही माझाच मुद्दा सांगताय. रस्ते नव्हते, शीतगृह नव्हतं, भावाची हमी नव्हती, पाण्याचा करार मात्र ऊसाचा तयार होता. शेतकऱ्यानं ऊस ‘निवडला’ हे म्हणायचं कसं?

जमिनीचंही कोणीतरी बोला. १९५० च्या आधीच कालव्याखालच्या खोलगट काळ्या रानांत पाणी वर यायला लागलं होतं. चोपण, खारवट, पांढरा थर आलेलं रान. ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असं नाही. नीरा कालव्यावर सरकारी इंजिनिअर विसाच्या दशकातच निचऱ्याचे चर खोदत होते. १९३२ ला पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र निघालं, त्याच्या कामात जमिनीचा अभ्यासही होता. तरी पुढची तीस वर्षं प्रत्येक नवा कारखाना ऊसाचं क्षेत्र वाढवायलाच निघाला. को ४१९, मग पाडेगावचा को ७४०. जाती सुधारल्या, टनेज वाढलं, पाणी तेवढंच भरभरून. अठरा महिन्यांच्या आडसालीला किती पाणी लागतं ते इथं बागायतदारांना सांगायला नको.

बागायतदार

सांगायला नकोच. पण चोपण जमिनीचा दोष ऊसाचा कमी, सरकारी पाटाचा जास्त. कालव्याला अस्तर नाही, पाझर चोवीस तास. रोटेशन कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून आलेल्या वेळी माणूस रान तुंबेपर्यंत बारं देतो. पाणी एकरावर मोजलं, घनफुटावर नाही. एकदा पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरून पैसे दिले की दोन इंच दे नाहीतर सहा इंच दे, पट्टी तीच. असल्या व्यवस्थेत काटकसर करणारा शेतकरी मूर्ख ठरतो.

हिशेबाची वही

बागायतदार, या एका मुद्द्यावर शंभर टक्के सहमत. क्षेत्रावर पाणीपट्टी ही या राज्याच्या शेतीतली सर्वांत महाग पडलेली बचत असावी. मोजमापाची यंत्रणा उभारायचा खर्च वाचला आणि त्याची किंमत जमिनीनं भरली.

खंडकऱ्याचा नातू

सगळं वाचलं. जमीन हा शब्द बऱ्याचदा आला, खंडकरी, म्हणजे कंपनीला आपली जमीन खंडानं दिलेला शेतकरी, एकदाही नाही. प्रवरा-गोदावरी खोऱ्याच्या पन्नासच्या दशकावर धागा आणि खंडकरी नाही, हे आमच्याकडं कोणाला सांगितलं तर हसतील.

कंपन्यांच्या मळ्यांत काही जमीन सरकारनं घेऊन दिलेली. हरेगावभोवतीच्या नऊ गावांची आकारी पडीक जमीन त्यातली, सात हजारांहून जास्त एकर, त्याचा लढा कित्येक वर्षं चालला. बाकीची पुष्कळशी जमीन शेतकऱ्यांनीच खंडानं दिलेली. मंदी होती, कर्ज होतं, पाणीपट्टी थकलेली, कंपनी रोख खंड देते म्हटल्यावर पणजोबांनी अंगठा उठवला. ती कंपनी कुठली हे इथं लिहीत नाही. कागदावर मालक आम्ही, वाटेकरीदेखील नाही, वर्षाला एकरी ठरलेला खंड. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साखरेचे भाव कुठं गेले आणि आमचा खंड कुठं राहिला, याचा हिशेब आजोबा पाठ म्हणायचे.

आता कायद्याची गंमत बघा. १९४८ चा कुळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कसेल त्याची जमीन. इथं कसत कोण होतं? कंपनी. म्हणजे कायदा सरळ लावला असता तर पाच-दहा एकरांचे मालक जमीनदार ठरले असते आणि लिमिटेड कंपनी गरीब कूळ! ते होऊ नये म्हणून कलम ४३ अ घालून ऊसाचे असे पट्टे बाजूला काढले. बरं झालं म्हणावं, तर त्यामुळे जमीन आमच्याकडंही आली नाही. जैसे थे.

मग १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा. बारमाही बागायतीला १८ एकरांची मर्यादा. कंपन्यांचे मळे सरकारकडं गेले, १९६३ ला शेती महामंडळ निघालं आणि आमची जमीन, जी आम्ही फक्त खंडानं दिली होती, ती ‘कंपनीची अतिरिक्त जमीन’ म्हणून सरकारजमा. ज्याची मर्यादेपेक्षा कमी होती त्याचीही. कॉम्रेड माधवराव गायकवाडांनी खंडकऱ्यांची चळवळ उभी केली, मोर्चे निघाले, कोर्ट झालं. थोडं मधे मिळालं. खरं वाटप २०१२ ला सुरू झालं. तोवर एका अंगठ्याचे चाळीस वारस.

पाटकरी, तुमचं ‘पट’ प्रकरण मला पटतं, पण त्यावरचा सगळ्यात मोठा खेळाडू तुम्ही १९२६ ला सोडून दिलात. १९२६ ला धरण सरकारचं, १९६३ ला मळाही सरकारचा.

जुनी_चाळ

खंडकऱ्याचा नातू, तुमची जमीन परत मिळावी याला माझा विरोध कधीच नव्हता. पण ‘वाटप सुरू झालं’ या तीन शब्दांत मळ्यावरची माणसं कुठं गेली ते येत नाही. जमीन निघाली तसं काम निघालं. तीन पिढ्या ज्या चाळीत राहिल्या तिथं घरापुरती जागा तरी द्या, एवढ्यासाठी मळ्याचे कामगार अर्ज घेऊन फिरले. लाल निशाण पक्षवाल्यांनी, दत्ता देशमुखांच्या माणसांनी पूर्वी युनियन बांधली होती म्हणून आवाज तरी निघाला. मालकाचा वारस सात-बाऱ्यावर सापडतो. मजुराचा वारस कुठल्या कागदावर शोधायचा?

खंडकऱ्याचा नातू

ताई, खरं आहे. पण तो हिशेब आमच्या पाच एकरांतून वळता करू नका. सरकारकडं खंडकऱ्यांना देऊनही जमीन उरत होती.

जुनी_चाळ

उरत होती. तिच्यावर डोळे कोणाचे होते ते तुम्हालाही माहीत आहे.

मुंबईकर_७८

माझ्या भाबड्या प्रश्नातून एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. मग असं विचारतो: पाण्याची वाटणी वेगळी करायचा प्रयत्न कोणी केलाच नाही का? म्हणजे ऊस राहू दे, पण थोडा.

हिशेबाची वही

झाला की. १९६२ चा बर्वे यांचा सिंचन आयोग आहे. आणि ठळक म्हणजे १९७९ ची दांडेकर-देऊसकर-देशमुख समिती. यातले देशमुख म्हणजे वर उल्लेख आलेले संगमनेरचे दत्ता देशमुखच. आठमाही सिंचन ही त्यांची शिफारस: कालव्यानं पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पाणी द्यायचं, उन्हाळ्याचं ज्याचं त्यानं विहिरीवर बघायचं. म्हणजे तेवढ्याच साठ्यात कितीतरी जास्त माणसांना दोन पिकं. सरकारनं पुढं नव्या प्रकल्पांसाठी ते धोरण म्हणून घेतलंही. जुन्या कालव्यांवरचे ब्लॉक मात्र होते तिथंच.

रंधा

जुन्या कालव्यांवर लागू न करण्याचं कारण?

पाटकरी

कारण तोपर्यंत प्रत्येक जुन्या कालव्यावर एक तरी सहकारी कारखाना होता, प्रत्येक कारखान्याला एक आमदार होता आणि प्रत्येक आमदाराला आठमाही म्हणजे काय ते नीट कळत होतं. कंपनी असती तर सरकारनं पाणी कापलं असतं, निदान कापतो म्हणून धमकावलं असतं. वीस हजार सभासदांच्या कारखान्याचं पाणी कोण कापणार? बागायतदारसाहेब, तुमचा ‘खेळणारा’ इथं दिसतो.

बागायतदार

दिसू द्या. वीस हजार घरांचं पाणी कापता आलं नाही हा लोकशाहीचा दोष म्हणायचा की गुण, ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि आठमाहीला विरोध फक्त संचालकांनी केला असं समजू नका. आमच्या चारीच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ज्यांची तीन-चार एकरं आहेत, ज्यांच्या विहिरीला मार्चनंतर खडक लागतो, ते सगळ्यात आधी ओरडले. ज्याच्या विहिरीला पाणी त्याला आठमाही सोसते. टेलवाल्याचा उन्हाळा कोण भागवणार, याचं उत्तर त्या समितीच्या बाजूनं बोलणाऱ्यानं आधी द्यावं, मग पुढं बोलू.

रंधा

टेलवाल्यानं उन्हाळ्यात ऊस न लावता विहिरीवर घास नि भाजी करावी, आमच्याकडं तेवढंही होत नाही. हे उत्तर चालेल का?

बागायतदार

चालेल. आधी माझ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पटवा. पीककर्ज ऊसालाच जास्त मिळतं आणि ते कारखान्याच्या बिलातून परस्पर वळतं होतं. भाजीवर तो एवढं कर्ज देत नाही.